सांग तुझ्या बापाला

चार मार्च. वर्षाच्या मसाल्याची मिरची ओट्यावर चादर टाकून पसरली आहे आणि मी सकाळपासून देठं खुडते आहे. उद्या कुटायला डंकावर नंबर लावलाय, म्हणजे आज हे उरकायलाच हवं. दहाच्या सुमारास माझी नात सई, वय वर्षं पाच, स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि लॅपटॉप घेऊन बसलेल्या माझ्या मुलाला म्हणाली, ‘पप्पा, मम्मी म्हणते सिलिंडर लावून द्या.’ मम्मी तिथून सहा पावलांवर उभी होती. मुलगा मान वर न करता म्हणाला, ‘मम्मीला सांग, मीटिंग चालू आहे.’ सई आत गेली. परत आली. ‘पप्पा, मम्मी म्हणते मीटिंग रोजच असते.’ तिसऱ्या फेरीला मी तिला अडवलं, शेजारी बसवलं, आणि आत-बाहेर दोन्हीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, ‘या पोरीच्या हातून आजपासून एक निरोप जाणार नाही. ज्याला जे म्हणायचंय त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं.’ सूनबाई दारात येऊन हसली. ‘आई, साधं सिलिंडरचं तर होतं.’ साधं होतं, कबूल. आमच्याकडंही सुरुवात साध्यानंच झाली होती. म्हणून आज बोटांची आग होत असतानाही दुपारी वही घेऊन बसले आहे.

आमचं घर येडगावला, धरणाच्या पाण्यापासून फार लांब नाही. आई, आण्णा आणि मी. आण्णा म्हणजे माझे वडील. घराला लागूनच वावर, वावरात विहीर, विहिरीवर मोटार. कांदा, ऊस, थोडी मेथी-कोथिंबीर. आण्णा दारू पीत नव्हते, पत्ते खेळत नव्हते, आईवर कधी हात उगारत नव्हते. हे मी त्यांच्या कौतुकासाठी लिहीत नाही. हे लिहिते आहे कारण गावानं आईचं तोंड कायम याच तीन गोष्टींनी बंद केलं. ‘पीत न्हाई, खेळत न्हाई, मारत न्हाई, आनखी काय पायजे गं बाई तुला?’ जणू बाईनं संसाराकडून एवढंच मागायचं असतं की त्यात तिचं डोकं फुटू नये.

भांडणं होत होती, चांगली खणखणीत. ती मला कधी जड गेली नाहीत. आई भाकऱ्या थापता थापता बोलायची, आण्णा उंबऱ्यावर बसून उत्तरं द्यायचे, पीठ उडायचं, आवाज चढायचा आणि भाकऱ्या संपल्या की भांडणही संपायचं. जड गेलं ते त्यानंतरचं. आईचं माहेर घोडेगावच्या पुढं शिनोलीला. एका वर्षी उन्हाळी कांदा काढायला आला होता, वावरात दहा-बारा बायका लागल्या होत्या आणि सकाळी शिनोलीहून एक माणूस सायकल हाणत निरोप घेऊन आला की आईचे वडील गेले. आण्णा रस्त्यावरच भेटले त्याला. त्यांनी निरोप ऐकला, माणसाला पाणी पाजलं, वाटेला लावलं आणि येऊन कांद्याच्या पाती कापायला बसले. आईला सांगितलं दिवस मावळताना, शेवटची गोण शिवून झाल्यावर. ‘माणसं लागली व्हती. तू गेली असतीस तर समदा कांदा पडून ऱ्हायला असता.’ आई पोचली तेव्हा चिता विझत आली होती. तेरा दिवस करून ती परत आली, चूल पेटवली, भाकरी टाकली आणि आण्णांशी बोलायची बंद झाली.

आण्णांनी चार दिवस वाट बघितली. मग त्यांनाही राग आला, कशाचा ते देवाला ठाऊक, आणि तेही बंद झाले. दहा महिने. एका घरात, एका चुलीवर, एका विहिरीच्या पाण्यावर दहा महिने. मधे मी. ‘सांग तुझ्या बापाला, पानी तापलंय.’ ‘तुझ्या आईला सांग, उद्या खत आनायला जायचंय.’ दोघंही माझ्याकडं बघून बोलायचे आणि दोघंही एकमेकांना स्पष्ट ऐकू येईल असंच बोलायचे. तरी मी ते पुन्हा म्हणायचं. म्हटलं नाही तर पलीकडचं माणूस ऐकलंच नाही असं बसून राहायचं. मी शाळेत असले की निरोप म्हशीला. ‘म्हशे, सांग तुझ्या मालकाला, पेंड संपलीय.’ आता हसू येतं. तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि मला म्हशीचा हेवा वाटायचा, कारण तिला ते पुन्हा म्हणावं लागत नव्हतं.

हळूहळू त्यांनी आवाजांची एक भाषाच करून ठेवली. आण्णा दारात खाकरले की ‘मी आलो’. आईनं ताटाजवळ पितळी तांब्या आपटला की ‘जेवायला वाढलंय’. वावरात फावडं दगडावर दोनदा वाजलं की ‘वाफा भरला, बघून घे’. एवढ्यावर शेती चालली, संसार चालला, दूध डेअरीला गेलं. जेवण आईनं कधी बिघडवलं नाही, हे आणखी एक. आण्णांना आवडते तशी मासवडी तिनं त्या दहा महिन्यांतही केली, तीळ-खोबरं भाजून, हलक्या हातानं गुंडाळून, रस्सा तिखटजाळ. ताट ठेवायची, तांब्या आपटायची आणि चुलीकडं तोंड करून बसायची. आण्णा शेवटपर्यंत चाटूनपुसून खायचे. चांगली झालीय, एवढं तरी? नाही. फक्त हात धुताना जरा मोठ्यानं ढेकर.

मला पाहुणे फार आवडायचे. पाहुण्यांसमोर ते बोलत. ‘अहो, चा घेता ना?’ आई म्हणायची, आणि आण्णा म्हणायचे, ‘दे की. पावन्यांना आदी दे.’ तेवढी दोन वाक्यं ऐकायला मी अंगणात उभी राहायची. पाहुणे उठले की मी हाताला धरून म्हणायची, ‘ऱ्हावा की आजच्या दिवस.’ लोक म्हणायचे, लई मायाळू पोर आहे. पाहुण्यांची पाठ वळली की घरात पुन्हा तांब्या आणि खाकरणं.

या दहा महिन्यांत आईचं काय काय झालं ते मी आज मोजू शकते. तेव्हा कुणी मोजलं नाही. ती झोपत नव्हती. डोकं दुखतं म्हणून कपाळाला फडकं आवळून बांधायची. विहिरीवरून हंडा घेऊन येताना मधल्या दगडावर बसायला लागली, पूर्वी कधी बसली नव्हती. डावा हात दाबत राहायची. बायका म्हणायच्या पित्त. ओवा खा, लिंबू-सोडा पी. पिंपळवंडीहून आण्णांची बहीण, माझी आत्या, आली, तिनं मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि जाताना आईला शाबासकी दिली. ‘कुनी काई म्हनो, वहिनी लई सोशिक. चकार शबुद न्हाई काडत तोंडातनं.’ सोशिक! हा शब्द मला आजही समोर आला तर मी वहीचं पान उलटते. बाई आतून जळत असते आणि बाहेरचे लोक शेकत बसतात, वर म्हणतात किती छान ऊब आहे.

शाळेत मी खो-खो चांगला खेळायची. तालुक्याच्या सामन्यांसाठी आमचे सर नावं लिहून घेत होते आणि मला दोनदा म्हणाले होते, ‘तुझं नाव लिहू ना?’ मी दोन्ही वेळा नाही म्हटलं होतं. खेळायला उशिरापर्यंत थांबावं लागायचं, आणि मी थांबले तर घरी निरोप कोण नेणार? कारण असं सांगता येत नव्हतं, म्हणून पाय दुखतो म्हणाले. पण त्या दिवशी, जानेवारीतल्या एका दिवशी, मी एक डाव खेळायला थांबले. एकच. मग दुसरा झाला. घराकडं वळले तेव्हा सूर्य बुडायला आला होता.

त्या दुपारी आण्णा कांद्याला पाणी देत होते. शेजारच्या वाफ्यात आई मेथी खुरपत होती. तीनच्या सुमारास तिच्या छातीत कळ आली. खुरपं ठेवून ती बांधावर बसली. आण्णा तिथून वीस पावलांवर. त्यांनी ती बसलेली बघितली. फावडं दगडावर दोनदा वाजवलं. ती उठली नाही. त्यांना वाटलं, रागात आहे. थोड्या वेळानं पुन्हा वाजवलं. पुन्हा उठली नाही. त्यांना वाटलं, बसू दे. आणि आई? आई माझी वाट बघत होती. शाळा पाचला सुटते, पोर साडेपाचला येईल, तिला सांगू, ती बापाला सांगेल. तीन तास ती बांधावर छाती धरून बसली, वीस पावलांवर नवरा वाफ्यामागून वाफा भरत असताना. आमच्या घरातल्या आवाजांत सगळ्याला आवाज होता, ‘मला वाचवा’ला नव्हता.

मी दप्तर टाकून वावरात गेले तेव्हा थंडीत तिची चोळी घामानं चिंब होती आणि तोंडाचा रंग राखेसारखा झाला होता. मला बघून ती म्हणाली, ‘आलीस? सांग तुझ्या बापाला, छातीत लई दुखतंय. गाडी बघा म्हनावं.’ मी ओरडले. आण्णा फावडं टाकून पळत आले, आणि माझ्यावरच खेकसले, ‘आत्ता सांगती व्हय?’

गावात सवारी भरून नेणारी वडापची एक जीप होती, बबनभाऊंची. आईला मागच्या बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं, आण्णा पुढं बसले. खोडदचा फाटा आला तरी ते मागं वळले नाहीत. मग म्हणाले, ‘बबनभाऊ, तिला म्हनावं पाय जरा वर घे.’ बबनभाऊंनी स्टिअरिंगवर हात आपटला. ‘राव, ती काय परगावात बसलीय का? तुमचीच बायकू हाये, तुमच्याच मागं हाये. तुमी म्हना की!’ शेवटी मी आईचे पाय वर घेतले.

नारायणगावात एक डॉक्टर होते, दहा खाटांचा दवाखाना. त्यांनी जिभेखाली गोळी ठेवली, इंजेक्शन दिलं, यंत्रावर पट्टी काढली, पट्टी दिव्याखाली धरून बघितली. हृदयाचा झटका म्हणाले. पुण्याला न्यायच्या अवस्थेत नाही, आज इथंच ठेवू. मग विचारायला लागले. तंबाखू? नाही. मिसरी? नाही. साखर? लघवी तपासली, नाही. रक्तदाब मात्र भलताच चढलेला. वय अडतीस. ‘कधीपासून दुखत होतं?’ आण्णा म्हणाले, ‘आत्ताच, दिवस मावळताना.’ आईनं माझ्याकडं बघितलं. त्या अवस्थेतही माझ्याकडंच. ‘सांग, तीन वाजल्यापासनं.’

डॉक्टरांनी पट्टी खाली ठेवली. ‘तीन तास बसून राहिलात? कशासाठी?’

 मी म्हटलं, ‘माझी वाट बघत होती.’

‘आणि तुम्ही कुठं होतात?’ त्यांनी आण्णांना विचारलं.

‘वावरातच.’

‘किती लांब?’

आण्णांनी हात वर करून दाखवलं. खाटेपासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत.  मग डॉक्टरांनी आण्णांना स्टुलावर बसवलं आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि म्हणाले, ‘तुमचा तिच्यापेक्षा जास्त आहे. घरात काय चाललंय ते मला सांगू नका. पण जे चाललंय ते दोघांच्याही छातीवर बसलंय एवढं लक्षात ठेवा. माणूस रोज आतल्या आत धुमसत राहिला, झोप गेली, दाब चढला, की त्याचा सगळा भार हृदयावर येतो. ते बिचारं काही भांडलेलं नसतं.’

पुढच्या वर्षांत मी किती दवाखाने बघितले. आईचे, मग आण्णांचे, आता माझ्या स्वतःच्या गोळ्यांसाठी. प्रत्येक ठिकाणी कागद भरून घेतात. तंबाखू, दारू, साखर, घरात कुणाला हृदयविकार. रकानेच रकाने. घरात माणसं एकमेकांशी बोलतात का, हा रकाना मला अजून कुठं दिसला नाही. मी डॉक्टर नाही, मला त्यांचं शास्त्र शिकवायचं नाही. पण त्या कागदावर आईचं सगळं ‘नाही, नाही, नाही’ असं निरोगी दिसलं असतं, आणि ती बाई बांधावर मरत बसली होती.

आत्याला निरोप गेला होता, ती रात्रीच्या गाडीनं आली. आईजवळ घटकाभर रडली आणि मग वऱ्हांड्यात मला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, ‘शाळा सुटल्यावर नीट घरी आली असतीस तर एवडं झालंच नसतं. पोरीच्या जातीला कसले आलेत खेळ?’ आण्णा शेजारीच उभे होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी म्हणायला हवं होतं की नाही गं, पोरीचा काय दोष, मी होतो तिथं. म्हटलं नाही. मी खूप वर्षं ते वाक्य उराशी धरून हिंडले. एकच डाव खेळले असते तर? दुसरा खेळले नसते तर? पन्नाशी उलटल्यावर एकदा भांडी घासता घासता माझ्या डोक्यात लख्ख आलं की दोन मोठी, धडधाकट माणसं वीस पावलांवर होती आणि दोष शाळेतून चालत येणाऱ्या पोरीला लागला. मी हातातलं पातेलं आदळलं. आवाज छान झाला.

पुष्कळ वर्षांनी, आईचं जिने चढणं कधीच बंद झालेलं असताना, मी तिला विचारलं होतं, ‘हाक का मारली न्हाईस गं?’ ती शेंगा सोलत होती. म्हणाली, ‘त्यांनी आदी बोलायला पायजे व्हतं. माझ्या बापाचं तोंड न्हाई बघू दिलं मला.’ दोन शेंगा सोलून झाल्यावर म्हणाली, ‘आन दहा महिन्यांनी हाक मारायची म्हंजी काय म्हनून मारायची?’ तिचा राग खरा होता, त्यातला एक दाणाही मी कमी करणार नाही. पण त्या रागानं आण्णांचं जेवढं बिघडायचं तेवढं बिघडलं, आणि तिचं हृदय निम्मं गेलं. हे मला पटत नाही, पटवून घ्यायचंही नाही.

आतून आत्ता आवाज येतोय. सिलिंडरचंच चाललंय, पण आता ते मीटिंगवर, सूनबाईच्या माहेरच्या लग्नावर आणि मुलाच्या मोबाईलवर गेलंय. चांगलं चढलंय दोघांचं. सई माझ्याकडं बघते. मी तिला म्हटलं, भांडू दे, तू चित्र काढ. ते एकमेकांशी बोलतायत.

दवाखान्यातून त्या रात्री बबनभाऊंनी मला गावी आणून सोडलं आणि मी त्यांच्याच घरी झोपले. सकाळी आत्याला आईजवळ ठेवून पहिल्या एसटीनं आण्णा आले, म्हशीची धार काढली. मी भाकऱ्या टाकल्या, पिठलं केलं, डबा भरला. आईचा धोका टळल्यासारखा आहे असं डॉक्टर म्हणाले होते. आण्णांनी दुधाची चरवी ठेवली आणि बराच वेळ उंबऱ्यावर उभे राहिले. खाकरले नाहीत. मग म्हणाले, ‘शैला, आज शाळा ऱ्हाऊ दे. डबा घेऊन तू जा दवाखान्यात. आन आईला सांग...’ ते पायानं उंबऱ्याची माती उकरत होते. ‘आईला सांग, माझं चुकलं म्हनावं.’

दहा महिन्यांत मी शेकड्यांनी निरोप नेले होते. हाच एक असा होता की जो न्यावा म्हणून कुणीही मला शहाणी पोर म्हटलं असतं. मी डबा फडक्यात बांधला, गाठ मारली आणि तो त्यांच्या हातात दिला. ‘तेवढं तुमीच सांगा, आण्णा. मी न्हाई सांगनार.’

 मला वाटलं आता मारतील, पण ते डबा छातीशी धरून तसेच उभे राहिले. त्यांनी ते तिला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. ते माझं काम नव्हतं. मी वेणी घातली, दप्तर घेतलं आणि शाळेत गेले. घंटा व्हायच्या आधी सरांना गाठलं आणि म्हटलं, ‘सर, खो-खोला माझं नाव लिहा.’